जुन्या मोटारीचा रंग : आधी दोष ओळखावा, मग खर्च करावा

पावसाळा संपून दसरा जवळ आला की देशभरात घरोघरी वाहने धुऊन पुसून पूजेसाठी सज्ज केली जातात. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारीच्या बाबतीत अनेकदा याच दिवशी काही गोष्टी प्रथमच नीट नजरेस पडतात. टपावरचा रंग पांढुरका पडलेला असतो, बॉनेटवर पापुद्रे सुटू लागलेले असतात आणि दाराच्या खालच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढे फुगे आलेले असतात. गॅरेजमध्ये विचारणा केली असता एके ठिकाणी साध्या पॉलिशने काम भागेल असे सांगितले जाते, तर दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण गाडी रंगवून घेण्याचा सल्ला मिळतो. या दोन सल्ल्यांमधील खर्चाची तफावत इतकी मोठी असते की सामान्य वाहनधारक गोंधळून जातो.

या गोंधळाचे मूळ कारण असे की वर उल्लेखिलेले तिन्ही दोष दिसायला एकाच वर्गातील वाटले तरी ते रंगाच्या वेगवेगळ्या थरांतील आहेत. पांढुरकेपणा बहुधा पॉलिशने जातो, सुटलेला पापुद्रा पॉलिशने कधीही परत बसत नाही आणि फुग्याखालचा गंज नव्या रंगाखाली झाकला गेला तरी थांबत नाही. त्यामुळे दोष कोणत्या थरात आहे, हे ओळखण्यापूर्वी केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी असते.

रंगाचे काम केवळ शोभेचे नाही

मोटारीचा पत्रा साधारणपणे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. भारतातील रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या मोटारींचा विचार केला, तर २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली अॅम्बेसेडर, १९८३ ते २०१४ या काळात तयार होत असलेली मारुती ८०० आणि मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी या तिन्ही गाड्यांना ट्रकप्रमाणे स्वतंत्र सांगाडा नव्हता. त्यांची तळपाटी, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि टप हे सारे जोडून तयार होणारी पेटीच गाडीचा भार पेलते. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींची रचनाही अशीच आहे. साहजिकच पत्रा गंजून कमकुवत झाला की गाडीचे रूप तर बिघडतेच, शिवाय अपघाताच्या वेळी आतील माणसांना मिळणारे संरक्षणही कमी होते. या पातळ पत्र्याचे हवा आणि पाणी यांपासून रक्षण करणे हे रंगाचे पहिले काम आहे. चकाकी हा त्याचा दुसरा गुण होय.

एका रंगात अनेक थर

आधुनिक कारखान्यात पत्रा स्वच्छ केल्यानंतर त्यावर प्रथम फॉस्फेटचा अतिशय पातळ लेप चढवला जातो. त्यानंतर संपूर्ण सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर प्रायमर बसवला जातो. पोकळ भागांच्या आतपर्यंत पोहोचणारा हा थर गंजापासून खरे संरक्षण देतो. त्यावर पृष्ठभाग समतल करणारा दुसरा प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. या पारदर्शक थराला कारागीर 'क्लिअर कोट' किंवा नुसते 'क्लिअर' म्हणतात. या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दुपटीच्या आसपास भरते. त्यात क्लिअरचा वाटा ४० मायक्रॉनच्या आसपास असतो.

सर्वच जुन्या गाड्यांवर क्लिअरचा थर असतो असे नाही. रंग आणि चकाकी एकाच थरात असलेली पद्धत अनेक वर्षे प्रचलित होती. पांढऱ्या, तांबड्या अशा साध्या छटांच्या जुन्या गाड्यांवर असा एकेरी रंग आढळण्याची शक्यता अधिक असते. धातूची झाक असलेल्या छटांवर मात्र बहुधा क्लिअर असतो.

येथे 'ड्युको' या शब्दाचाही उलगडा करणे उचित ठरेल. भारतातील रंगकामाच्या दुकानांत फवाऱ्याने दिलेल्या चकचकीत रंगाला आजही सरसकट ड्युको म्हटले जाते. वास्तविक हे अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने १९२३ मध्ये बाजारात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे व्यापारी नाव होते. त्यापूर्वी मोटारींना हाताने दिले जाणारे वार्निश वाळण्यास कित्येक आठवडे लागत. फवाऱ्याने मारता येणाऱ्या आणि झटपट वाळणाऱ्या या रंगामुळे तो काळ कमालीचा घटला. आज मात्र 'ड्युको करून देतो' एवढ्या शब्दांवरून नेमका कोणता रंग वापरला जाणार आहे, याचा बोध होत नाही. म्हणूनच ग्राहकाने तो स्वतंत्रपणे विचारून घेणे आवश्यक आहे.

ऊन, दमट हवा आणि मीठ

रंगातील राळेचे दीर्घ रेणू सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे हळूहळू तुटतात. राळ झिजली की तिने धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण मोकळे होतात आणि पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी तयार होते. क्लिअर असलेल्या गाडीवर हाच मारा वरच्या पारदर्शक थराला सोसावा लागतो. त्यातील किरणशोषक द्रव्य कालांतराने क्षीण होते, थर ठिसूळ होतो, त्याला बारीक तडे जातात आणि अखेर तो खालच्या रंगापासून सुटू लागतो. टप, बॉनेट आणि डिकी या आडव्या भागांवर ऊन थेट पडत असल्याने हे दोष प्रथम तेथेच दिसतात.

प्रदेशानुसार या दोषांचे स्वरूप बदलते. राजस्थान किंवा विदर्भासारख्या कोरड्या व प्रखर उन्हाच्या भागांत रंग लवकर विटतो, पण पत्रा तुलनेने टिकतो. मुंबई, कोकण, गोवा किंवा चेन्नईसारख्या किनारी भागांत हवेतील क्षारांमुळे गंजाचा वेग वाढतो. तेथील एखादी गाडी वरून चकचकीत असूनही दारांखालच्या पट्ट्यांत पोखरलेली असू शकते.

याखेरीज काही कारणे रोजच्या सवयींत दडलेली आहेत. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक तापलेल्या रंगावर अधिक काळ राहिल्यास त्यांचे कायमचे वण उमटतात. कूपनलिकेच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळल्यास क्षारांचे गोल डाग मागे राहतात. धुळीने माखलेली गाडी रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसण्याची पद्धत देशात सर्वत्र आढळते. या पद्धतीत धुळीचे कण पॉलिश पेपरचे काम करतात आणि रंगावर असंख्य बारीक ओरखडे उमटतात. एकाच बादलीतील गढूळ पाण्याने अनेक गाड्या धुतल्यानेही हेच घडते. फडक्यावर डिझेल किंवा रॉकेल घेऊन आणलेली चमक तात्पुरती असते. तो तेलकट थर पुन्हा धूळच धरून ठेवतो.

घरच्या घरी तपासणी

दोष ओळखण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. गाडी सावलीत धुऊन कोरडी केल्यानंतर पुढील तपासण्या कोणालाही करता येतात.

पहिली तपासणी फडक्याची. डिकीच्या आतील कडेजवळ किंवा सहज न दिसणाऱ्या एखाद्या जागी स्वच्छ फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हलक्या हाताने घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग एकेरी आहे असे समजावे. रंग लागला नाही, तर वर क्लिअरचा थर असण्याची शक्यता अधिक. गाडी पांढरी असल्यास गडद रंगाचे फडके वापरावे, म्हणजे फरक स्पष्ट दिसतो.

दुसरी तपासणी पाण्याची आणि नखाची. निस्तेज दिसणाऱ्या भागावर पाणी शिंपडल्यास त्याची छटा क्षणभर गडद होते, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये. पाणी वाळल्यावर त्या डागाच्या कडेवरून नख फिरवावे. नखाला पायरीसारखी कड लागली, तर क्लिअरचा थर तेथे निघून गेलेला आहे. कड लागली नाही आणि निस्तेजपणा सर्वत्र सारखा असेल, तर दोष वरवरचा असण्याची आशा ठेवता येते.

तिसरी तपासणी फुग्यांची. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कित्येक पट जागा व्यापतो, म्हणूनच तो रंगाला खालून उचलतो. फुग्यावर पेचकसाच्या टोकाने हलके दाबून पाहावे. पत्रा कडक लागला तर गंज वरच्या बाजूचा असू शकतो. टोक आत रुतले, तर पत्रा आतून पोखरला गेला आहे. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानींची आतील बाजू, बॅटरीखालची पट्टी, डिकीतील स्टेपनीचा खड्डा आणि पायपुसण्यांखालची तळपाटी या जागा विशेष काळजीपूर्वक तपासाव्यात.

चौथी तपासणी चुंबकाची. पूर्वीच्या दुरुस्तीत खड्डा भरण्यासाठी वापरलेल्या पुट्टीला गॅरेजमध्ये 'लांबी' असेही म्हणतात. पातळ कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक पत्र्यावरून सरकवत नेल्यास लांबीचा जाड थर असलेल्या ठिकाणी त्याची पकड ढिली होते. बंपरसारखे प्लास्टिकचे भाग मात्र या तपासणीतून वगळावेत. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी ही तपासणी अत्यंत उपयुक्त आहे. विक्रीपूर्वी घाईने केलेल्या चकचकीत रंगाखाली काय दडले आहे, याचा अंदाज त्यातून येतो.

रंग केवळ पांढुरका पडला असल्यास

एकेरी रंग असलेल्या गाडीचा खडूसारखा थर काढून टाकल्यास खालचा शाबूत रंग पुन्हा उजळतो. प्रथम गाडी सौम्य कार शाम्पूने धुवावी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरल्यास रंगावरील उरलेसुरले मेणही निघून जाते. त्यानंतर रबिंग कंपाउंड, मग त्याहून बारीक पॉलिश आणि शेवटी मेण अशा क्रमाने काम करावे. पत्रा थंड असावा, गाडी सावलीत असावी आणि एका वेळी हातभर जागाच घ्यावी. पत्र्याच्या कडा आणि उंचवट्याच्या रेषा येथे रंग सर्वांत पातळ असतो. त्यावर चिकटपट्टी लावून मगच घासावे.

क्लिअर असलेल्या गाडीवर बारीक ओरखडे आणि सौम्य निस्तेजपणा याच पद्धतीने कमी होतो. तथापि क्लिअरची जाडी मुळातच मर्यादित असते आणि प्रत्येक रबिंगमध्ये तिचा काही अंश कायमचा निघून जातो. दर सणाला मशीनने रबिंग करून घेण्याचा आग्रह त्यामुळे अंगाशी येऊ शकतो. आज उजळलेला टप दोन-तीन वर्षांत पापुद्रे सोडू लागण्यामागे कधी कधी हेच कारण असते. वेगाने फिरणारे मशीन एकाच जागी रेंगाळल्यास उष्णतेने रंग करपतो, हेही ध्यानात ठेवावे.

मेणाचा परिणाम काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकतो. अलीकडे लोकप्रिय झालेले सिरॅमिक लेप त्याहून अधिक काळ टिकतात. मात्र ते शाबूत रंगाचे रक्षण करतात, मेलेल्या रंगाला जीवदान देत नाहीत. दोष दूर न करता त्यावर लेप दिल्यास खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो.

क्लिअरचे पापुद्रे सुटले असल्यास

या टप्प्यावर पॉलिश, मेण किंवा कोणतेही बाटलीतील द्रव्य उपयोगी पडत नाही. सुटलेला थर पुन्हा चिकटवण्याची पद्धत अस्तित्वात नाही. उलट, रबिंगमुळे सैल कडा आणखी उचलल्या जातात. पापुद्रे सुटलेल्या भागावर चिकट विनाइलचे आवरण चढवणेही योग्य नाही. ते नीट बसत नाही आणि काढताना उरलेला रंग ओढून नेते.

खरा उपाय म्हणजे तो संपूर्ण भाग पुन्हा रंगवणे. सैल थर वॉटर पेपरने घासून पक्क्या कडेपर्यंत काढला जातो, कड उतरती केली जाते, गरजेनुसार प्रायमर दिला जातो आणि त्यावर रंग व क्लिअर मारले जाते. क्लिअर बॉनेटच्या किंवा टपाच्या मध्यावर न थांबवता त्या भागाच्या नैसर्गिक कडेपर्यंत न्यावे लागते. अधेमध्ये विरवलेली कड कालांतराने रेषेसारखी उमटून येते. डब्यातून फवारले जाणारे साधे क्लिअर छोट्या डागासाठी चालते, परंतु हार्डनर मिसळून लावलेल्या क्लिअरइतके ते ऊन आणि पेट्रोल सोसत नाही.

रंग जुळवणे हा यातील सर्वांत नाजूक भाग आहे. गाडीवरील पट्टीवर रंगाचा संकेतांक असतो. मात्र त्यानुसार तयार केलेला रंग कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीचा असतो आणि घरची गाडी दरम्यान अनेक उन्हाळे सोसून विटलेली असते. म्हणून रंगाऱ्याकडून नमुन्याच्या पट्टीवर रंग मारून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात गाडीशेजारी धरून पाहावा. गॅरेजच्या दिव्याखाली जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसू शकते.

कारखान्यातील रंगाशी दुरुस्तीच्या रंगाची बरोबरी का होत नाही, याचेही कारण आहे. कारखान्यात प्रायमर लावलेला रिकामा सांगाडा १६० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो. वापरातील गाडीत रबर, तारा आणि प्लास्टिक असल्याने रंगकामाच्या बूथमध्ये साधारण ६० अंशांपर्यंतच उष्णता देता येते. ही उणीव चांगल्या पूर्वतयारीने आणि योग्य हार्डनरने बऱ्याच अंशी भरून काढता येते. नवा रंग पूर्ण मुरेपर्यंत, साधारणपणे महिनाभर, त्यावर मेण लावू नये.

ऐन पावसाळ्यात उघड्यावर रंगकाम करणे टाळावे. थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि ताज्या रंगावर पांढुरकी छाया येते.

गंज लागला असल्यास

वर वर्णिलेल्या दोषांत काही महिन्यांचा विलंब चालू शकतो. गंजाच्या बाबतीत मात्र विलंबाची किंमत पत्रा मोजतो. वरवरचा गंज असल्यास तो तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाकता धातू दिसेपर्यंत काढावा, उरलेल्या बारीक छिद्रांसाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनिवारक द्रव्य वापरावे, सूचनेनुसार ते धुऊन वा पुसून घ्यावे आणि लगेच इपॉक्सी प्रायमर द्यावा. उघडा पत्रा दमट हवेत एक रात्र राहिला तरी त्यावर पुन्हा तांबूस झाक येते.

पत्रा पोखरला गेला असल्यास तो भाग कापून त्या जागी नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा लागतो. अशा भोकावर जाळी ठेवून लांबी भरणे आणि वरून रंग मारणे ही फसवी दुरुस्ती होय. लांबी ओलावा शोषून घेते आणि तो गंजाजवळ धरून ठेवते. एका-दोन पावसाळ्यांतच तेथे पूर्वीपेक्षा मोठा फुगा दिसू लागतो. दारांखालच्या पट्ट्या आणि तळपाटी यांच्या बाबतीत तर अशी दुरुस्ती धोकादायक ठरते, कारण लांबी भार पेलू शकत नाही. वेल्डिंग करताना बॅटरीची जोडणी काढून ठेवली आहे, याची खात्री करून घ्यावी.

दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छोटी छिद्रे पाला आणि चिखल यांनी बुजतात आणि दार आतून सडू लागते. एक बारीक काडी फिरवून ही छिद्रे मोकळी करण्यास काही मिनिटे पुरतात. या साध्या कामाने पुढील मोठा खर्च वाचू शकतो.

रंगाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न

या विषयाची एक बाजू वाहनधारकांच्या क्वचितच ध्यानात येते. हार्डनर मिसळून वापरल्या जाणाऱ्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट या वर्गातील रसायने असतात. त्यांची सूक्ष्म फवार श्वासावाटे शरीरात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. जगभरात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत या रसायनांची गणना होते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा साधा मास्क त्यांना अडवू शकत नाही. व्यावसायिक कामासाठी हवेचा योग्य उपसा असलेला बूथ आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. हे काम घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या वाहनतळावर करणे कारागिरालाही घातक आहे आणि शेजाऱ्यांनाही.

जुन्या पिवळ्या आणि तांबड्या रंगांत शिशाची संयुगे वापरली जात असत. असा रंग कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते. त्यामुळे पाण्याचा वापर करून घासणे, लहान मुलांना दूर ठेवणे आणि निघालेला गाळ उघड्यावर न टाकणे ही काळजी घ्यावी. अतिस्वस्त दर सांगणाऱ्या ठिकाणी बहुधा याच गोष्टींवर काटकसर केलेली असते.

नोंदणी, विमा आणि खर्चाचा विचार

वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात त्याचा रंग नमूद असतो. त्याच छटेत गाडी रंगवल्यास कागदपत्रांत बदल करावा लागत नाही. वेगळी छटा निवडल्यास मात्र प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून तशी नोंद करून घ्यावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ऑलिव्ह ग्रीन ही हिरवी छटा संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. खासगी गाडीला ती देता येत नाही.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर वाहनाची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. या तपासणीत चासीचा क्रमांक पडताळला जातो. गंज काढताना किंवा रंग देताना हा क्रमांक घासला अथवा बुजवला जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात जुन्या वाहनांबाबत न्यायालयीन आदेशांमुळे वेगळी बंधने निर्माण झालेली आहेत. तेथील वाहनधारकांनी आपली गाडी पुढे वापरता येणार आहे की नाही, हे पाहूनच मोठा खर्च करावा.

वाहन विम्यात अपघाताने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते. ऊन आणि वय यांमुळे होणारी झीज त्यात समाविष्ट नसते. उडालेल्या रंगाचा भार त्यामुळे मालकालाच सोसावा लागतो. हा खर्च वाजवी आहे का, हे ठरवताना गाडीची आजची विक्रीची किंमत, इंजिनची स्थिती आणि ती आणखी किती वर्षे वापरायची आहे, या तीन गोष्टी समोर ठेवाव्यात. दोन वर्षांत गाडी बदलायची असेल, तर गंज थांबवून आणि सर्वाधिक बिघडलेला एखादा भाग रंगवून थांबणे शहाणपणाचे ठरते. गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल, तर काचेची रबरे, दारांचे दांडे आणि दिवे उतरवून केलेले पूर्ण रंगकाम परवडते. चिकटपट्ट्या लावून केलेल्या घाईच्या कामात रबरांच्या कडेपासून पापुद्रे सुटण्यास लवकरच सुरुवात होते.

काम सोपवताना काही प्रश्न आधीच विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. गंज धातूपर्यंत काढला जाईल का, प्रायमर कोणता वापरला जाईल, क्लिअर हार्डनरसह असेल का, कोणते भाग उतरवले जातील आणि तक्रार उद्भवल्यास किती मुदतीत काम पुन्हा करून मिळेल, हे त्यातील महत्त्वाचे प्रश्न होत. पत्रा उघडा असताना आणि प्रायमर दिल्यानंतर अशा दोन टप्प्यांवर गाडी स्वतः पाहावी किंवा छायाचित्रे मागवावीत. शेवटचा रंग चढल्यानंतर आतील कामाची तपासणी करता येत नाही.

नियमित निगा

रंगकामानंतरची निगा साधी आहे. गाडी सावलीत उभी करावी. धूळ प्रथम भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी आणि मगच फडके लावावे. शाम्पूसाठी एक आणि फडके खळबळण्यासाठी दुसरी अशा दोन बादल्या ठेवाव्यात. पक्ष्यांची विष्ठा दिसताच ती खरवडू नये, ओल्या फडक्याने भिजवून अलगद उचलावी. आवरण घालायचे असल्यास ते हवा खेळती ठेवणाऱ्या कापडाचे असावे आणि स्वच्छ, कोरड्या गाडीवरच घालावे. ताडपत्री किंवा प्लास्टिक आतील ओलावा कोंडून ठेवते. किनारी भागांत पावसाळ्यानंतर एकदा गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. रंगाचा टवका उडाल्याचे दिसताच त्या जागी जुळणाऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. पत्रा उघडा राहिला नाही, तर गंजाची सुरुवातच होत नाही.

थोडक्यात, जुन्या मोटारीवर खर्च करताना क्रम महत्त्वाचा आहे. सर्वप्रथम गंज थांबवावा, मग सुटलेला थर बदलावा आणि सर्वांत शेवटी चकाकीकडे वळावे. हा क्रम उलटा झाल्यास दसऱ्याला झळाळणारी गाडी पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभी राहते, आणि तोपर्यंत पत्रा आणखी पातळ झालेला असतो.